लाइन

उकंडा टेलरचं मशीन चालता चालता मधेच थांबलं. सुई मलमलच्या पट्टीत रुतून राहिली, वरचा पंखा सवयीनं थोडा फिरला आणि मंदावत गेला, समोरच्या गिरणीचा घरघराट तुटला तशी सगळी गल्ली एकदम मोठी वाटायला लागली. "गेली लाइन," उकंडा म्हणाला. सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात सारावी तसं, रोजचंच. पण काउंटरपाशी उभ्या असलेल्या दीपाचा हात आपोआप स्वतःच्या मानेवर गेला. उजव्या बाजूला, गळ्याच्या हाडाच्या जरा वर, जिथून मोठी शीर कातडीखालून छातीकडे उतरते. हात तिथं का गेला हे तिला ताबडतोब कळलं, आणि कळलं म्हणूनच तो काढून घेता येईना.

"काय झालं वो ताई? मुंगी चढली काय?"

"नाही. काही नाही."

"तीनले येते लाइन. आज आपल्या फिडरची पाळी हाय. घाई असन तं पाय मारून देतो शिवून, पण मंग शिलाई वाकडी गेली तं मले बोलाचं नाही." त्यानं पट्टी उचलून उजेडाकडे धरली. "पण हे हाय तरी काय? लेकराचं टोपडं म्हणावं तं डोस्कंच उघडं राह्यते."

शनिवारी सकाळी त्यानं हेच विचारलं असतं तर तिनं त्याला सगळं समजावून सांगितलं असतं, कागदावर चित्र काढून. तिला आवडायचं ते. अत्यवस्थ माणसाच्या मानेतल्या शिरेत एक लांब नळी घालतात, ती हृदयाच्या दारापर्यंत जाते. तिला सेंट्रल लाइन म्हणतात, आणि दवाखान्यात कुणालाच एवढा वेळ नसतो म्हणून नुसतं लाइन. नळीचं बाहेरचं टोक कातडीला टाक्यांनी शिवतात आणि त्याला औषधांच्या नळ्या जोडतात. त्या नळ्यांचं, त्यांच्या तोट्यांचं ओझं त्या टाक्यांवर लोंबत राहतं. माणूस कुशीवर वळला की ओझं ओढतं, ड्रेसिंगची कड उचलली जाते, नळी भोकात आतबाहेर सरकते, आणि कातडीवर निरुपद्रवी बसलेले जंतू तिच्या अंगाला धरून आत उतरतात, विहिरीत दोर धरून उतरावं तसे. औषध नेणारा रस्ताच मग आजार नेतो. म्हणून दीपानं हा पट्टा शोधून काढला होता. मऊ मलमल, कपाळाभोवती बांधायची, कानाच्या वर दोन बंद. नळ्या त्या बंदांतून वर आणि मागे न्यायच्या, म्हणजे ओझं डोक्यावर येतं, टाके मोकळे राहतात, रोग्याला मान वळवता येते. पट्टा रोज बदलायचा, उकळून धुवायचा. तिनं तो आधी स्वतःच्या डोक्याला बांधून, सलाइनची नळी अडकवून, खोलीत फिरून पाहिला होता. आया इंदूबाई तिला म्हणाली होती, "सिस्टरनं तं पेशंटले बाशिंगच बांधलं. आता अक्षता तेवढ्या टाकाच्या राह्यल्या." अतिदक्षता विभागात सगळे हसले होते. ते हसणं दीपाला गोड लागलं होतं. त्यात कौतुक होतं. विभागाचे प्रमुख अनिमेष सर हसता हसता म्हणाले होते, याचा एक छोटा लेख होईल, मी पाठवतो नागपूरला.

"बँडेज आहे एक प्रकारचं," ती उकंडाला म्हणाली. "पाय मारूनच द्या. थांबते मी."

तो स्टुलावरून उतरला आणि मशीनच्या पायात उतरवून ठेवलेला चामड्याचा पट्टा चाकावर चढवू लागला. ती बाहेरच्या बाकावर बसली. पोळा होऊन गेला होता, दसरा यायचा होता. कापूस कमरेला लागलेला आणि बोंडांत अळी. या दिवसांत फवारणी जोरात असते, आणि दवाखान्यात ते वासावरून कळतं. लसणासारखा, रॉकेलसारखा उग्र वास माणसाच्या आधी दारातून आत येतो. भीमसिंग तसाच आला होता, फुलसावंगीजवळच्या तांड्यातून, छकड्यात आणि मग जीपमध्ये. तोंडाला फेस, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. त्या वर्षांत जिल्ह्यात बाहेरून माणसं येत, जीप भाड्यानं घेत, कापसाबद्दल, आत्महत्यांबद्दल विचारत आणि निघून जात, त्यामुळे असा माणूस आला की एकच प्रश्न सगळ्यांच्या तोंडी तयार असे. दीपानंही तोच विचारला होता. "का प्याला?" भीमसिंगच्या आईनं, भुरीबाईनं, एकदा तिच्याकडे पाहिलं होतं. "पिला नाही बाई. मारून राह्यलता. वारं फिरलं, सारं याच्या आंगावर." तो दुसऱ्याच्या वावरात रोजानं फवारायला जायचा. दीपानं मान हलवली होती आणि पुढच्या कामाला लागली होती. आपण एका बाईला तिच्या मुलाबद्दल काय विचारलं, हे तिला तेव्हा टोचलंसुद्धा नव्हतं. आता बाकावर बसून ती ते आठवत होती तर तेही जणू त्याच गोष्टीचा भाग वाटत होतं. ऐकलं होतं, पण कानापर्यंतच.

विषावर दिलेल्या औषधानं भीमसिंगच्या बाहुल्या मोठ्या झाल्या, तोंड कोरडं पडलं आणि तो भ्रमात गेला. हे अपेक्षित असतं. पुस्तकात लिहिलेलं असतं की असा रोगी हवेतलं काहीतरी चिमटीनं उचलत राहतो. भीमसिंग दोन्ही हातांनी हवेतून काहीतरी वेचायचा आणि कमरेशी नेऊन टाकायचा, कमरेशी ओटी बांधलेली असावी तसा. भुरीबाई त्याचे हात धरायची. "ठेव रे बापा. झालं वेचणं. हंगाम याचा हाय अजून." तिनं हात धरले की तो शांत व्हायचा. नर्स कमी होत्या, म्हणून सरांनीच तिला आत बसायची परवानगी दिली होती, आणि दीपानं तिला शनिवारी सकाळी तिचं काम समजावून दिलं होतं. स्वच्छ, सावकाश, पुण्यात शिकलेल्या मराठीत. "आजी, लाइन फार महत्त्वाची आहे. औषध लाइनमधूनच जातं. लाइन सांभाळायची. लाइन अजिबात निघता कामा नये. कळलं?" भुरीबाईनं मन लावून ऐकलं होतं. "कळलं," ती म्हणाली होती.

दुपारी दीपा परत आली तेव्हा भीमसिंग वळवळून पलंगाच्या कडेला आलेला होता, पट्टा डोळ्यांवर घसरलेला, मानेतली नळी बोटभर बाहेर ओढली गेलेली, ड्रेसिंगखाली रक्त. आणि भुरीबाई त्याच्यापाशी नव्हती. ती पायथ्याकडच्या भिंतीला, विजेच्या बोर्डाला पाठ लावून बसली होती, हातातल्या पांढऱ्या चुड्यांसकट एक हात वर करून, औषधाच्या पंपाच्या प्लगवर पंजा ठेवून. सर धावत आले, तपासणी झाली, एक्स-रे झाला. नळीचं आतलं टोक सुदैवानं अजून जागेवर होतं. नवे टाके घातले गेले. मग दीपा वळली. सगळ्यांसमोर, कमरेवर हात ठेवून. "आजी, तुम्हाला लाइन सांभाळायला सांगितली होती ना?"

"सांभाळून राह्यली ना बाई," भुरीबाई म्हणाली. "सकाळपासून एकदा बी जाऊ नाही देली. तो पलीकडच्या खाटेवरचा पोट्टा आलता मोबाइलची पिन लावाले, याची पिन काढून. त्याले हाकलून देलं म्या. म्हटलं लाइन गेली तं माह्या पोराचं औषध बंद पडते."

क्षणभर कुणाला कळलं नाही, आणि मग एकदमच सगळ्यांना कळलं. आधी सर हसले. मग बाकीच्या नर्स, मग पलीकडच्या रोग्याचे नातेवाईक, तो मोबाइलवाला पोट्टासुद्धा. आणि दीपा हसली. आता बाकावर बसून तिला सगळ्यात स्पष्ट आठवत होता तो स्वतःच्या हसण्याचा आवाज. उंच, नाकातून निघणारा, शेवटी जरा लांबणारा. तिचा नव्हताच तो. तो तिनं आधी ऐकलेला होता.

पुण्याच्या वसतिगृहातली पहिलीच संध्याकाळ. ती आणि तिची ट्रंक. अचानक अंधार झाला आणि अंधारात बोलायचं असतं म्हणून, ओळख व्हावी म्हणून, ती खोलीतल्या मुलींना म्हणाली, "लाइन गेली." मग कुणीतरी, "कुणाची गं? कुणाची लाइन गेली?" दुसरी, "आल्या आल्या लाइन? कमाल आहे बाई हिची!" आणि ते हसणं, असंच, नाकातून, शेवटी लांबणारं. दीपाला आधी कळलंच नाही काय झालं ते. कळलं तेव्हा काळोख होता हे किती बरं, असं वाटलं होतं. तिथं लाइट जातात. एक नाही, अनेक. लाइट गेले, लाइट आले. आठवड्याभरात तिनं ते उचललं. मग मले, तुले गेलं, काहून गेलं, करून राह्यली गेलं. सरकी काढलेल्या कापसासारखी जीभ साफ झाली. शिक्षण संपलं तेव्हा पदवीच्या समारंभाला तिची आई आली होती नेरहून, निळ्या काठाची नवी पांढरी साडी नेसून, पर्समध्ये घडी घातलेला रुमाल. प्रभावती नाव तिचं. बोलायला लागली की थांबायची नाही. दीपानं तिला फाटकाशीच बाजूला घेतलं होतं. "आई, आत मैत्रिणी भेटतील. जास्त बोलू नको हं." आई दिवसभर बोलली नाही. प्रत्येकाला हात जोडले, हसली, रुमालानं ओठ टिपले. मैत्रिणी म्हणाल्या, किती शांत आहेत गं तुझ्या आई. रात्रीच्या परतीच्या गाडीत, शहर मागे पडल्यावर, आईनं तिच्या दंडाला कोपर लावलं. "आता बोलू का मी?" चेष्टेनंच म्हणाली होती. दीपा हसलीसुद्धा होती. ही आठवण तिनं कधी कुणाला सांगितली नव्हती, स्वतःलाही नीट नाही. ती कुठंतरी अंगात पडून होती, निरुपद्रवी, आणि आता नळी धरून आत उतरली होती.

उकंडाचे पाय चालू लागले. खट खट खट, विजेपेक्षा हळू. "पाहून घ्या ताई, एकाच पट्टीवर पाहून घ्या," तो आतून ओरडला. तिनं न पाहताच बरं आहे म्हटलं.

कारण हसण्यापाशी ते संपलं नव्हतं. हसणं ओसरलं तेव्हा भुरीबाई सगळ्यांच्या तोंडाकडे आळीपाळीनं पाहत होती, थोडी हसतही होती, पाहुण्याच्या घरी न कळलेल्या विनोदाला हसावं तशी. तिच्या त्या हसण्याचा दीपाला राग आला. का आला ते आत्ता तिला दिसत होतं. तेव्हा नुसता राग होता, कानांच्या पाळ्या तापवणारा. तिनं भुरीबाईला दंडाला धरून उठवलं, पलंगाच्या डोक्याशी नेलं आणि मानेकडे बोट दाखवलं. "ही लाइन! ही! कळलं? बसा आता हिलाच धरून!"

रविवारी तिची सुट्टी होती. ती नेरला गेली, आईच्या हातची झुणका-भाकर खाल्ली, दुपारी झोपली. सोमवारी सकाळी आत शिरताच तिला पलंग हलताना दिसला. भीमसिंगला थंडी वाजत होती, लोखंडी पलंगाच्या सांध्यांतून आवाज यावा अशी हुडहुडी. आणि त्याच्या डोक्याशी भुरीबाई बसली होती, अवघडून, एक खांदा वर चढलेला. तिची मूठ त्याच्या गळ्यापाशी होती. मुठीत नळी. ड्रेसिंग बोटांनी उचललं जाऊन त्याची घडी झालेली, कड काळी पडलेली. मलमलचा पट्टा सोडून, नीट घडी करून, उशीखाली ठेवलेला होता. तो असला की मुठीची पकड बसत नव्हती. "शनिवारपासून सोडली नाही तिनं," इंदूबाई म्हणाली. "म्या म्हटलं आजी, हात तं धुऊन ये. तं म्हणते सिस्टर बाईनं धराले सांगतलं. जेवली बी एका हातानं." इंदूबाईनं हे दीपाला हळूच, एकटीला सांगितलं होतं. सर आले तेव्हा इंदूबाई तिथं नव्हती.

"कोणी सांगितलं होतं हिला हात लावायला?" सर ओरडले.

तेवढीच एक फट होती. दीपाला ती पुन्हा पुन्हा दिसत होती. तिची रुंदीसुद्धा सांगता आली असती. एका वाक्याची. भुरीबाईनं दीपाकडे पाहिलं. बोट दाखवलं नाही, नाव घेतलं नाही. तिच्या नजरेत तक्रारही नव्हती. परीक्षेत लिहिलेलं बरोबर की चूक हे मास्तरीणबाईंच्या चेहऱ्यावरून ओळखावं तशी ती पाहत होती. "मी तं घट्ट धरलती," ती म्हणाली. "एकदा बी नाही सोडली." दीपा खाली वाकली आणि रोग्याचा ताप पाहू लागली, जो दोनच मिनिटांपूर्वी तिनं पाहिलेला होता. फट मिटली. "या म्हातारीला आत सोडायचं नाही," सर म्हणाले. "मारून टाकेल ती त्याला." हे वाक्य भुरीबाईला मात्र चांगलं कळलं. नळी काढली गेली, डाव्या बाजूला नवी घातली गेली, रक्त तपासणीला गेलं. आणि आई नाही म्हणून वेचणं थांबेना, म्हणून भीमसिंगचे दोन्ही हात गॉजच्या पट्ट्यांनी पलंगाच्या दांड्यांना बांधले गेले. बांधलेल्या हातांची बोटं अजून वेचत होती. दीपानं ते काल संध्याकाळी पाहिलं आणि आज सकाळी पाहिलं, आणि नव्या नळीसाठी नवे पट्टे हवेत असं स्वतःला सांगून भर दुपारी ती इथं आली, या बाकावर.

"घ्या ताई." उकंडानं पट्टे कागदात बांधून दिले. "लाइन असती तं चांगले झाले असते."

दवाखान्यापर्यंतचा रस्ता चढाचा आहे. पुडकं तिला काखेत हलकं लागत होतं, काहीच नसल्यासारखं. वाटेत तिनं वाक्य तयार केलं. सर, मला असं वाटतं की नातेवाइकांना सूचना देताना आपल्याकडून संवादात. इथपर्यंत आल्यावर तिला स्वतःचीच किळस आली, आपल्याकडून म्हणे. दुसरं केलं. तेही तसंच, हातमोजे घातलेलं. शेवटी सरांच्या टेबलापाशी जे बाहेर पडलं ते यांतलं कुठलंच नव्हतं.

"त्या बाईला लाइन धरायला मी सांगितलं होतं."

सरांनी रिपोर्टवरून डोळे वर केले. कातडीवरचेच जंतू वाढले होते, तिला अपेक्षित होते तेच. "काय?"

"शनिवारी. बसा हिला धरून, असं म्हणाले मी. रागानं. तिनं तसंच केलं. काल तुम्ही विचारलं तेव्हा मी गप्प बसले."

"अगं, पण तू ते काही खरोखर धर म्हणून..."

"तिला कसं कळणार?"

सरांनी पेनचं टोपण लावलं, काढलं. ओरडतील असं तिला वाटलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. "ठीक आहे," ते म्हणाले. "होतं असं. ताप उतरतोय त्याचा. आणि तो पट्ट्यांचा लेख, ते चालूच ठेवू आपण." मग थोडं थांबून, "आण तिला आत. तुझ्या जबाबदारीवर." एवढंच. ती दारातून बाहेर पडली तेव्हा ओझं होतं तिथंच होतं, फक्त आता ते दुसऱ्यालाही माहीत होतं.

भुरीबाई व्हरांड्यात खांबाला टेकून बसली होती, दोन्ही हात ओढणीखाली घेऊन. दीपाला पाहून ती उठायला लागली. "बसा," म्हणत दीपा स्वतःच उकिडवी बसली, आणि तोंड उघडल्यावर तिला कळलं की त्या जुन्या बोलीतले शब्द जागेवर आहेत, पण कुलूप गंजलेलं आहे. "माय," ती म्हणाली, "तुमची चूक नाही. म्या चुकीचं सांगतलं तुमाले. डॉक्टरले बी सांगून आली मी आता."

भुरीबाई शब्दांकडे नाही, तिच्या तोंडाकडे पाहत राहिली. "तू आमच्याइकडली हायस?"

"नेरची."

"मले वाटलं पुण्याबिण्याची हायस." आणि मग, टोमणा नाही, दोष नाही, खरोखरच उलगडा न झाल्यासारखं, "नेरची हायस, मंग तुले लाइन मालूम नाही?"

दीपा उठली, भुरीबाईला घेऊन आत बेसिनपाशी गेली आणि नळ सोडला. तिनं स्वतःच तिचे हात धुतले. चुडे कोपरापर्यंत वर सारले, बोटांच्या बेचक्या, नखं, मनगटाच्या सुरकुत्या. साबणाचा फेस आधी करडा आला, मग पांढरा. तळहात लाकडासारखे कडक होते आणि उजव्या हाताची बोटं अजून नीट उघडत नव्हती. नळीच्या जाडीएवढी जागा ठेवून ती आत वळलेली होती. "दुखते का?" "धरून धरून आकडली," भुरीबाई म्हणाली. "होते सुदी." दीपानं बोटं एकेक करून सरळ केली. तिला वाटलं होतं आपण रडू, पण रडू येण्याइतकं काही सोपं नव्हतं ते.

आत भीमसिंग जागा होता आणि नव्हता. कपाळावर नवा पट्टा बांधताना त्यानं डोळे फिरवले. "याडी," तो म्हणाला. त्यांच्या बोलीत ती आईला मारलेली हाक. दीपानं नळ्या कानामागून वर घेतल्या, बंदात अडकवल्या, टाके ताणले जात नाहीत ना ते पाहिलं. मग दांड्यांना बांधलेल्या गॉजच्या गाठी सोडल्या. सुटताच हात वर उठले आणि हवेतून वेचू लागले. भुरीबाई पलंगाच्या कडेला उभी होती. धुतलेले दोन्ही हात तिनं छातीच्या वर, अंगापासून लांब धरले होते, कुठंही लागू नयेत असे, कुणीतरी बंदूक रोखल्यासारखे. मुलाचा हात तिच्या समोरून जात होता आणि ती मागे सरत होती.

"बाई," ती म्हणाली, "याले हात लावला तं चालते का?"

आता बोलू का मी, असं दीपाला ऐकू आलं. "लावा," ती म्हणाली. "लावा, माय. हात धरा त्याचा. मानेले नाही, हाताले." भुरीबाईनं तो हात हवेतच पकडला, दोन्ही हातांत घेतला. बोटं थोडा वेळ तिच्या तळव्यात वेचत राहिली आणि मग थांबली.

तेवढ्यात पंखे मंदावले. पंपावरचा हिरवा दिवा विझला. त्याची बॅटरी केव्हाच मेलेली होती. दाराशी कुणीतरी ओरडलं, "लाइन गेली! जनरेटर!" भुरीबाई दचकली. बोर्डाकडे नाही पाहिलं तिनं. तिनं आधी मुलाच्या मानेकडे पाहिलं, भेदरून, मग दीपाकडे, आणि तिचे दोन्ही हात सुटून पुन्हा वर गेले, अंगापासून लांब. "म्या नाही लावला हात, बाई. देवाशपथ."

दीपा हातानंच औषधाचा दट्ट्या सावकाश पुढे रेटत होती, थेंब मोजत. तिनं मान वर केली नाही, करता आली नाही.

"ते नाही, माय," ती म्हणाली. "आपली लाइन गेली. घरची."